बर्फात टाकलेलं वाण

वहिनी, काल तू असतीस तर हसून हसून तुझी पुरेवाट झाली असती. ट्रॉयच्या लायब्ररीतला मागचा हॉल गच्च भरला होता आणि जो तो उठून तुझ्यावर बोलत होता. तू मायाळू होतीस म्हणे. तू सगळ्यांना धरून होतीस म्हणे. मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी फोनवर लिहून आणलेलं वाचून दाखवलं, की तुझ्या तोंडून कधी कुणाबद्दल वाकडा शब्द निघाला नाही. त्यांच्या बायकोच्या पुरणपोळीला तू सगळ्यांदेखत 'चिवट' म्हणाली होतीस, ते बहुतेक विसरले. आपल्याकडे म्हणतातच ना, मेलेल्या म्हशीला मणभर दूध. मी पहिल्या रांगेत बसून ते दूध मोजत होते.

एक आधीच सांगते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तुला 'अहो वहिनी' म्हणत आले. दोन भावांच्या बायका आपण. तू थोरली, मी धाकटी. एकाच मिशिगनमध्ये तू ट्रॉयला, मी नोव्हायला, मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता आणि तो मान. आता तो मान मला झेपत नाही. देवाला आणि आईला आपण एकेरी हाक मारतो. तू त्या दोन्हींतली नव्हतीस, पण गेलीस, तेव्हा आता 'तू'च. जिवंतपणी असं बोलले असते तर तू नुसती भुवई उचलली असतीस आणि माझं वाक्य तिथेच मेलं असतं.

तुझ्या शोकसभेच्या आदल्या आठवड्यात केतकीचा शिकागोहून फोन आला. तुझी लेक, आईसारखीच, नमस्कार-चमत्कार न करता मुद्द्यावर येणारी. इथे गेलेल्या माणसाची आठवण म्हणून आलेल्यांना फुलांचं बी वाटतात, ते तिने कुठेतरी पाहिलं होतं आणि तिला आवडलं होतं. या उन्हाळ्यात आजारपणातही तू जमवलेलं बी एका शूबॉक्समध्ये होतं. तिने त्याच्या पुड्या केल्या, वर तुझा फोटो छापून घेतला. "काकू, आई कसं लावायची ते तू पाच मिनिटं सांग, बाकी कुणालाच येत नाही," म्हणाली. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर तशीच खुर्चीत बसून राहिले.

कारण तोपर्यंत तुझी बाग उरली नव्हती. भाऊजी आधीच गेलेले, केतकीला तिकडे नोकरी, तेव्हा तिने घर विकायला काढलं. एजंट म्हणाला, मागचं जंगल बघून गिऱ्हाईक बिचकतं. मग माणसं आली, सगळं मुळासकट उपटून गेली आणि वर हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरून गेली. बियांपासून वाढवलेली, दर वसंतात त्याच मुळांवर परत येणारी तुझी झाडं काळ्या पिशव्यांत बांधून कचऱ्याच्या गाडीत गेली. मी पाहिलं, मी किल्ली द्यायला गेले होते. राहिलं ते फक्त शूबॉक्समधलं बी. ते कसं लावायचं हे मी खरं सांगितलं, तर तुझी फुलं जगणार होती आणि तुझं नाव जाणार होतं. गप्प बसले, तर नाव शाबूत राहणार होतं आणि फुलं कायमची संपणार होती. दोन्ही वाचवायची सोय तू ठेवलीच नव्हतीस.

तुझं नाव म्हणजे तुझा हातगुण. सगळ्या मिशिगनभर बायका त्याचे गोडवे गायच्या. जानेवारीत तुझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं. बाहेर गुडघाभर बर्फ, दारात बुटांचा ढीग आणि आत पैठण्या, काहींच्या पुण्याहून आणलेल्या, काहींच्या शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून. बाकीच्या बायका वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे, टिकल्यांची पाकिटं लुटायच्या. तू बी लुटायचीस. कागदाची एवढीशी पुडी, तिला हळदीकुंकवाचं बोट, आत कोलंबाइन नावाच्या फुलाचं बी, काळं, तकतकीत, मोहरीहून बारीक. एखाद्या वर्षी मिल्कवीड, एखाद्या वर्षी ब्लेझिंग स्टार. तुझी बाग बायकांनी उन्हाळ्यात पाहिलेली असायची, त्यामुळे पुडी हातात पडली की त्यांचे डोळे लकाकायचे.

आणि मग कुणाकडेही काहीही उगवायचं नाही.

उगवणार कसं? घरी नेऊन बायका ती पुडी देवघरात ठेवायच्या. वाण ते, दुसरीकडे कुठे ठेवणार? इथलं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक कपाट, खाली हीटिंगची जाळी. बी तिथे मे महिन्यापर्यंत उबेत बसून राहायचं. थंडी गेली, मदर्स डे झाला, की त्या ते बाहेर काढून, हात जोडून, कुंडीत बोटभर मातीखाली पुरायच्या आणि वाट बघायच्या. हळदीकुंकवाचं बोट लागलेलं वाण उघड्यावर बर्फात टाकायचं, हे आपल्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नसतं. त्या बियांना नेमकं तेच हवं असतं. ओल्या मातीवर, वरून काही न घालता, थंडीत दोन-तीन महिने पडून राहिल्याशिवाय ते बी जागं होत नाही.

तुला हे पक्कं ठाऊक होतं. दुधाचे रिकामे गॅलन, ते प्लास्टिकचे कॅन, तू मधोमध कापायचीस, बुडाला भोकं पाडायचीस, माती भरून वर बी पेरायचीस, पुन्हा टेप लावून बंद करायचीस आणि घराच्या कडेला, एसीच्या मागे, हळदीकुंकवाला आलेल्या बाईची नजर जाणार नाही अशा जागी ठेवून द्यायचीस. मी एकदा कचरा टाकायला गेले तेव्हा बर्फातून डोकावणारी ती रांग मला दिसली. विचारलं तर म्हणालीस, रिसायकलिंगचं आहे. मीही मान डोलावून आत आले. बाकीच्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझ्या तोंडात अख्खी संक्रांत भिजली असती.

तू झाडांशीही तशीच होतीस. एप्रिलमध्ये गॅलन उघडले की आत हिरव्या कोंबांची दाटी झालेली असायची आणि तू नखं कापायची कात्री घेऊन बसायचीस. मी म्हणायचे, जागा आहे की एवढी, काढून दुसरीकडे लावू. तू म्हणायचीस, एक उपटलं की शेजारच्याची मुळं दुखावतात, त्यापेक्षा कापलेलं बरं. आणि कोंबांच्या माना तुटून पडत राहायच्या, आणि तू केतकीला आलेल्या स्थळाबद्दल बोलत राहायचीस. नंतर ते कापलेले कोंब तू हाताने गोळा करून खतात टाकायचीस. मला ते बघवायचं नाही आणि तरी मी तिथून उठायची नाही.

माझ्याकडे कधीच काही आलं नाही. मी झेंडू लावायचे, दुकानातून रोप आणून, दसऱ्यापर्यंत टिकणारा. तू म्हणायचीस, झेंडू काय, कुणाकडेही येतो. तुझी पुडी मात्र मी दर वर्षी भक्तीने लावायचे आणि दर जूनमध्ये तुला फोन करून सांगायचे की नाही आलं. "असू दे," म्हणायचीस. त्या 'असू दे'मध्ये किती समाधान होतं ते मला कळायला फार वर्षं लागली.

आता ते सांगते, जे मी तुला एकदाही विचारलं नाही. एका संक्रांतीला तुझी मैत्रीण शैलाताई मला गमतीने म्हणाली, तुझी तर घरचीच जाऊ, तुझ्याकडे तरी फुललं असेल. तू ताटातून तिळगूळ उचलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हिच्या हाताला काही लागत नाही. हातगुण असावा लागतो, तो तिला नाही." माझी दोन मुलं पोटातच गेली होती, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. कुणीतरी घाईघाईने पाकातले लाडू कुणी केले ते विचारलं. तू माझ्या हातावर तिळगूळ ठेवलास आणि रीतीप्रमाणे गोड बोल म्हणालीस.

मला जे गिळता आलं नाही ते याच्यापुढचं आहे. दुसऱ्या वेळी मी बाथरूमच्या फरशीवर पडले होते तेव्हा ट्रॉयहून त्या घसरड्या रस्त्याने गाडी चालवत आलीस ती तूच. सतीश, माझा नवरा, पॅसेजमध्ये भिंतीला धरून उभा होता, त्याच्याने आत पाऊल टाकवेना. तू गुडघ्यांवर बसून ती फरशी पुसलीस. मला म्हणालीस, "ऊठ. केस मी धुते." माझे केस धुतलेस, पुसलेस, मऊ भात करून त्यावर तूप-मेतकूट घालून भरवलास. माझ्या सख्ख्या आईला व्हिसा मिळेपर्यंत तू रोज आलीस. ती फरशी आणि तो तिळगूळ मला एका बाईच्या हिशोबात कधी बसवता आला नाही, वहिनी. आजही येत नाही. फरशी पुसणारीचे मला पाय धरावेसे वाटतात, आणि दुसरीचं तोंड बघू नये असं वाटतं.

त्या संक्रांतीहून घरी आले. सतीश विचारत होता, कसं झालं, कोण कोण आलं होतं. मी पैठणी न बदलताच मागचं दार उघडलं आणि तुझी पुडी, हळदीकुंकवासकट, पायऱ्यांखालच्या बर्फात भिरकावून दिली. दार लावून घेतलं. वाण टाकल्याचं मला भय वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मे महिन्यात पायरीच्या फटीपाशी नाजूक, गोलसर कडांची पानं आली. मला वाटलं तण आहे. सतीश मशीन घेऊन गवत कापायला निघाला तेव्हा का कोण जाणे, मी त्याला थांबवलं. ती पानं वर्षभर तशीच राहिली, फूल नाही, काही नाही, आणि हिवाळ्यात गेली. पुढच्या मे महिन्यात पुन्हा आली आणि वर एक दांडी आली, आणि दांडीवर ती खाली मान घातलेली कोलंबाइनची फुलं. जांभळी. मी पायरीवर बसले आणि आधी नुसती बघत राहिले. मग फोन काढून शोधलं. असल्या बियांना थंडी लागते, हे शोधायला मला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. इतकी वर्षं ते कुणालाही सापडलं असतं. आम्ही कुणी शोधलंच नाही, कारण आम्हाला तू सांगितलं होतंस की हा हातगुण आहे.

मागच्या वर्षी जुलैमध्ये मी तुझ्याकडे आले ती भांडायलाच. तू पॅटिओवर बसून वाळलेली बोंडं स्टीलच्या वाटीत झटकत होतीस. मी म्हटलं, "वहिनी, माझ्या पायरीपाशी फुललंय. या बियांना बर्फ लागतो. तुम्हाला माहीत होतं."

तुझा हात थांबला नाही. "होतं."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"मला कुणी सांगितलं होतं, रेखा?" तू म्हणालीस. "मिरजेहून आले तेव्हा मला दुकानाचा रस्ता सांगायला माणूस नव्हतं. किती वर्षं नुसती माती बघत बसले मी. तुम्हाला सगळं आयतं हवं."

मी म्हटलं, येत्या संक्रांतीला मी सगळ्यांना सांगणार आहे. तू वाटी हलवून बी एका बाजूला केलंस, त्यातला भुसा फुंकरीने उडवलास आणि म्हणालीस, सांग की, पण माझ्या घरात नको. तू हळदीकुंकू कर, तुझ्या घरी बोलाव, तुझं वाण लूट आणि मग सांग. मी रागाने निघाले. तू मागून हाक मारून डब्यात भरलेली कोथिंबिरीची वडी दिलीस आणि मी ती घेतली. सप्टेंबरात तुझे रिपोर्ट आले. मग ना तुझ्याकडे हळदीकुंकू झालं, ना माझ्याकडे.

केमोला तुला मीच न्यायचे. दर वेळी नोव्हायहून निघताना ठरवायचे की आज त्या संक्रांतीबद्दल विचारायचं. बसलेली असायचीस शेजारी, डोक्याला स्कार्फ, अंगाची काडी झालेली, आता तरी विचारता येईल असं वाटायचं. आणि हायवेला लागलो की तू म्हणायचीस, लेन बदलताना एवढी घाबरतेस कशाला, सतीशने तुला लायसन्स मिळवून दिलं की विकत आणलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ते मी त्या गाडीत दर खेपेला बघितलं. खोटं कशाला सांगू, मला हसू यायचं. आपण दोघी हसायचोसुद्धा. मला त्या गाडीची आठवण येते, आणि येते याचाच राग येतो.

शेवटी शेवटी तुझा पलंग खिडकीशी लावला होता, मागची बाग दिसेल असा. तुला उठवत नव्हतं तरी केतकीला बाहेर पाठवून कुठलं बोंड वाळलं ते बघायला लावायचीस आणि मग ती बोंडं पांघरुणावर पसरून बोटांनी चुरायचीस. एका दुपारी आपण दोघीच होतो. तू अचानक विचारलंस, "तुझ्या पायरीपाशी आलंय ते कुठल्या रंगाचं आहे?"

मला वाटलं, आली वेळ. आता ही काहीतरी बोलणार. मी जवळ सरकून म्हटलं, जांभळं.

"माझ्याकडे जांभळं कधी नव्हतं," तू म्हणालीस. "ते माझं नाही." आणि तोंड खिडकीकडे फिरवलंस.

कोलंबाइनचं बी आईच्याच रंगावर जातं असं नाही, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत होतं. तुझ्या हातची पुडी, मी माझ्या हाताने फेकलेली, माझ्या दारात फुललेली. तेवढंसुद्धा तू मला दिलं नाहीस. त्यानंतर आपण बोललो ते पाण्याबद्दल आणि उशीबद्दल. त्याच आठवड्यात तू गेलीस.

तर काल. म्हशीचं दूध काढून झालं. प्रत्येक दुसऱ्या बाईने तुझ्या हातगुणाचं कौतुक केलं. शैलाताई तर रडत रडत म्हणाली, मी इतकी वर्षं लावतेय, माझ्याकडे एक कोंब आला नाही, तो हातच वेगळा होता. मग केतकीने पुड्या वाटल्या आणि मला पुढे बोलावलं. उभी राहीपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. समोरच्या मोठ्या फोटोत तू हसत होतीस, बायका विचारायच्या 'कसं हो येतं तुमच्याकडे' तेव्हा हसायचीस तशी. तो फोटो बघितला आणि माझं ठरलं.

म्हटलं, हे बी देवघरात ठेवू नका. घरातच ठेवू नका. मग सगळं सांगितलं. दुधाचा गॅलन कसा कापायचा, भोकं कुठे पाडायची, माती किती ओली, बी वर नुसतं भुरभुरायचं आणि झाकायचं नाही, टेप लावायची, जानेवारीत बाहेर बर्फात ठेवायचं आणि विसरून जायचं. पहिल्या वर्षी फूल येणार नाही, तण समजून उपटू नका, असंही सांगितलं. आधी बायका माना डोलावत होत्या. मग हळूहळू एकेकीची मान थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर मला त्यांच्या कुंड्या दिसायला लागल्या, मे महिन्यातल्या, भरलेल्या, रिकाम्या.

मागून नागपूरच्या रसिकाने विचारलं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली पोर, तिच्या मनात काही नव्हतं. "पण काकूंनी आम्हाला हे कधी सांगितलं नाही."

"अगं, तिला माहीतच नसेल," शैलाताई लगेच म्हणाली. "तिचा हातच तसा होता." आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. किती सोपं करून दिलं होतं तिने. मी नुसतं हो म्हटलं असतं तर फुलंही वाचली असती आणि तूही. दोन्ही वाचवायची सोय तू ठेवली नव्हतीस, ती तुझ्या मैत्रिणीने करून दिली. केतकी माझ्याकडे बघत होती.

"माहीत होतं," मी म्हणाले.

न्याय वगैरे काही नाही, वहिनी. तुझ्या घरी त्या संक्रांतीला माझ्या हाताला दोष लागला होता, तो मला त्याच बायकांसमोर धुऊन काढायचा होता. तू मेलेली होतीस, उलट उत्तर देऊ शकत नव्हतीस. त्यामुळे मला फार सोपं गेलं. सांगून टाकल्यावर क्षणभर इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली नाही.

मग खुर्च्या सरकल्या. कॉफी आणि बटाटेवडे होते, त्यांच्याभोवती माणसं कुजबुजत जमली. शैलाताईने पुडी टेबलावर ठेवली, तुझा फोटो खाली करून, आणि कोट घालून निघून गेली. तिचं बघून आणखी कितीतरी जणींनी ठेवल्या. माजी अध्यक्षांच्या बायकोने तर वडा खात खात ठेवली.

पार्किंगमध्ये केतकी माझ्या मागून आली. शूबॉक्स तिच्या काखेत होता, परत आलेल्या पुड्यांनी भरलेला. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार, आणि तिने खाल्लं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

"काकू, वन डे," ती म्हणाली. "तिला एक दिवस द्यायला काय झालं असतं तुला?"

मी म्हटलं, मग बी कुणाकडेच उगवलं नसतं.

"आय डोन्ट केअर अबाउट द बी." मग ती गाडीला टेकली. वारा होता, तिने कोटही घातला नव्हता. "मलापण द्यायची ती. कॉलेजला गेले तेव्हापासून, दर वर्षी. मी लावायचे, काकू, अपार्टमेंटच्या खिडकीत. एकदा फोन करून रडलेसुद्धा की मला एवढंही जमत नाही. शी सेड, सगळ्यांना नाही जमत, सोना." मग तिने मला विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

माझ्याशी तू का तशी वागलीस ते मी समजू शकते. धाकटी जाऊ मी, मागून आलेले, सगळं आयतं मिळालेली. त्या बायकांशी का वागलीस तेही समजू शकते. पण ही तुझी पोर होती. ती फोनवर रडत असताना तुझ्या घराच्या कडेला ते गॅलन बर्फात उभे असतील. मी तिला काहीतरी बरं सांगायला तोंड उघडलं. आईचं काही चुकलं असेल पण माया होती, असलं काहीतरी, काल दिवसभर हॉलमध्ये चाललं होतं तसलं. ते तसंच सोडून दिलं. मी म्हटलं, "माहीत नाही गं." आणि ती रडायला लागली तेव्हा मी तिला जवळ घेतलं. खरं बोलल्याचा सगळा आनंद तिथे संपला.

तिने शूबॉक्स माझ्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवला. मला नको, तू ठेव, म्हणाली, आणि शिकागोला गेली. आता ती माझ्याशी बोलेल की नाही ते मला ठाऊक नाही.

तर तुझ्या बागेचं जे काही उरलंय ते सगळं माझ्या ताब्यात आलंय, वहिनी. तुला हे मुळीच आवडलं नसतं. सतीश म्हणतो, बॉक्स आत आण, गराज गार पडलंय, आता थंडी वाढेल. मी त्याला हात लावू नको म्हणून सांगितलंय. दुधाचे गॅलन धुऊन ठेवायला लागले आहे. मला तुझा राग आहे आणि तो जायची मला घाई नाही. पहिला मोठा बर्फ पडला की मी तुला बाहेर काढणार आहे, आणि कितीही गारठलीस तरी मे महिन्यापर्यंत आत घेणार नाही.